मार्फत फ्लीट मेल ऑफिस

आमच्या गावाला समुद्र नाही.
गगनबावड्याचा घाट उतरला की मग कुठं त्याची हवा लागते.
तरी माझ्या कपाटात, साड्यांच्या खालच्या फळीवर,
त्रेचाळीस पाकिटं आहेत
एकाच युद्धनौकेची.

सुरुवात एका फ्लँजनं झाली.
सत्त्याऐंशी साली, उद्यमनगरात,
माझ्या लेथवर गनमेटलचे सहा फ्लँज कातले.
चलनावर पत्ता मुंबईच्या गोदीचा
आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं : नीलकेतू.
पाच पास झाले. सहावा परत आला,
केसभर जास्त कातला गेला होता.
तो अजून माझ्या टेबलावर कागद दाबून बसतो.

ज्या जहाजाच्या पोटात आपलं काम गेलंय
त्याची खुशाली विचारावी माणसानं.
म्हणून पाकिटात पाकीट घातलं,
आतल्यावर माझाच पत्ता, तिकीट लावलेलं,
आणि चिठ्ठी : साहेब, जहाजाचा शिक्का मारून मिळावा,
तसदीबद्दल माफी.

अडीच महिन्यांनी आलं.
पोस्टमन जिनाप्पा चौगुलेंनी
सायकल भिंतीला टेकवून विचारलं,
"पोरगा भरती झाला काय नौदलात?"
मी म्हटलं, "फ्लँज."

जांभळा गोल शिक्का, मधे नांगर, कडेनं नाव,
तारीख अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर.
ग्रीसच्या हातानं धरायचं कसं?
गुजरीतून मधू कारेकराचा
हिरे उचलायचा चिमटा आणला.
तो अजून परत दिलेला नाही.

मग दर श्रावणात, दर शिमग्याला,
आणि चार डिसेंबरला हमखास.
शिक्के वाचायला शिकलो.
ठसठशीत असला तर जहाज बंदरात उभं.
फरपटलेला असला
तर मारणाऱ्याच्या पायाखाली लाट होती.
हे माझं शास्त्र, पुस्तकात मिळणार नाही.
एकाची शाई उतरलेली, कडेला पांढरं वर्तुळ.
मी जीभ लावून बघितली.
खारट.
बायको म्हणाली, "घाम असंल कुणाचा."
असंलही.

एकदा आतून हिंदीत एक ओळ आली,
खाली सही : बेहेरा.
कोल्हापुरात समुद्र आहे का?
मी कळवलं, रंकाळा आहे.
संध्याकाळी वारं सुटलं की लाटा येतात, वीतभर.
पुढच्या शिक्क्याशेजारी त्यानं
एवढीशी होडी काढली होती.

दोन वर्षं बेहेराच्या होड्या येत राहिल्या.
नंतर दुसरा कोणी. नुसताच शिक्का.
कारगिलच्या उन्हाळ्यात काहीच आलं नाही,
मी पेपर वाचायचो
तो जिनाप्पांच्या घंटीकडं कान ठेवून.
पाऊसकाळ सरल्यावर तीन पाकिटं एकदम,
तिन्हींवर एकच तारीख,
कुणीतरी खण रिकामा केल्यासारखी.

शेवटचं पाकीट नौकेच्या निवृत्तीच्या दिवसाचं.
सूर्यास्ताला निशाण उतरवलं म्हणे.
शिक्का इतका स्वच्छ, इतका सरळ
की मला तो बघवत नाही.

त्यानंतरही मी एक पाठवलं. सवयीनं.
ते तसंच परत आलं, वर तांबड्या शाईत :
या नावाचे जहाज नाही.
ते मी मोजत नाही. ठेवलंय मात्र.

आता जिनाप्पा रिटायर. नवा पोरगा नुसती पार्सलं आणतो.
लेथ पुतण्या चालवतो.
परवा शेजारच्या भट्टीला भंगाराचा ट्रक आला,
जाड पत्रे, करड्या रंगाची पोपडी,
ड्रायव्हर म्हणाला, अलंगचा माल.
कुठल्या जहाजाचा, ते त्याला कोण सांगतंय.
मी चप्पल काढली, ढिगावर चढलो,
तासभर उपसत होतो.
पुतण्या खालून ओरडला, "काका, काय हरवलंय?"
"पाच आहेत," मी म्हटलं, "सहावा घरी आहे."
त्यानं भट्टीवाल्याकडं बघितलं
आणि माझ्यासाठी चहा सांगितला.